ह्यांच्या सायकलला मोटर

८ सप्टेंबर, सोम.
विसर्जन परवा झालं. चाळीत अजून गुलाल, जिन्यावर पाय ठेवला की टाचा लाल. शाळेतून आले तर दाराशी खोकं. किट आलं! मधली मोटर, बॅटरी, वायरींचा हा गुंता. हे कॉटवर, टीव्हीकडे तोंड. काय मागवलंस म्हणून विचारलंसुद्धा नाही. मीच सांगितलं, तुमच्या सायकलला लावणार आहे.
"सायकल विकून टाक म्हटलं होतं ना तुला."
विकणार नाही, म्हटलं. संपलं संभाषण.
बायपासला आठ महिने झाले. डॉ. म्हणतात सगळं छान आहे, चाला, सायकल चालवा, फक्त चढावर दम लागू देऊ नका. हे तीन मजले उतरतात ते फक्त डॉ.कडे जायला. एरवी कॉट. तेहेतीस वर्षं फिटर म्हणून उभा राहिलेला माणूस, रोज पहाटे काळाचौकीहून गिरगाव चौपाटीपर्यंत जाऊन येणारा. भीती वाटते असं तोंडाने म्हणणार नाहीत. माणूस वाचला आणि तरी घरात नाही, असं झालंय माझं.

९ सप्टें.
चाकात बसवायची मोटर सोपी होती. शाळेतले विज्ञानाचे सर म्हणाले तीच घ्या. मी मधली घेतली. ही पेडलच्या दांड्याच्या जागी बसते, जोर चेनमधूनच लावते, म्हणजे गिअर तसेच टाकायचे, पाय तसेच मारायचे. चढ आला की हातभार, एवढंच. ह्यांना सगळं वाचून दाखवलं. "त्यापेक्षा मोपेड घे," म्हणाले. म्हणजे ऐकत होते!
शाळेच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं मुलांची सर्किटं निस्तरतेय, वायरींना मी घाबरत नाही. पाने-पक्कड हे ह्यांचं खातं. बघू.

१४ सप्टें., रवि.
सायकल गॅलरीत उलटी केली. बारा वर्षांची, बंदराचं खारं वारं खाऊन गंजलेली. पेडलचे दोन्ही आडवे हात, क्रँक, निघाले, अंगठा सोलवटला. मोटर बसायची तर पेडलचा जुना दांडा आधी बाहेर यायला हवा. तो दोन बाजूंनी आट्यांच्या कपांत बसवलेला. डावीकडचा कप सुटला. उजवीकडचा हलेना. तेल घातलं, गरम पाणी ओतलं, पान्यावर चक्क उभी राहिले. शेवटी हातोडी. शेजारचे दारं उघडून बघून गेले. ह्यांनी आत टीव्हीचा आवाज वाढवला.

१५ सप्टें.
आल्या आल्या पुन्हा पाना. अर्धा तास. मग आतून ह्यांचा आवाज:
"घट्ट करतेयस तू."
"काय?"
"उजवीकडे उलटे आटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरव, सुटेल."
म्हणजे काल दीड तास हा माणूस मी आवळत बसलेय ते ऐकत होता! असला राग आला. उलट फिरवलं. पण दोन दिवस मीच आवळून ठेवलेलं, सुटतंय कुठलं. मग हे चपला ओढत बाहेर आले, पान्याच्या टोकाला पाइप लावला, माझा हात धरून कुठे जोर द्यायचा ते दाखवलं. सुटलं. आतून गंजाचं पाणी. "किती वर्षं ग्रीस नाही ह्याला," स्वतःशीच म्हणाले आणि परत कॉटवर.
रागावलेली आहे मी अजून. पण बाहेर आले. आपणहून.

१७ सप्टें.
सावंत भावोजी आले. तळमजल्यावर राहतात, चाळ कमिटीचे सेक्रेटरी, आणि ह्यांचे पहाटेचे सायकलवाले दोस्त. आज चेहरा सेक्रेटरीचा. "वहिनी, बॅटरी गॅलरीत चार्ज करायची नाय हां. पेट घेतात ह्या. लाकडी जिना आहे आपला."
बरोबर आहे त्यांचं. म्हटलं, घरात करीन, दिवसा, कुणीतरी समोर बसलेलं असताना.
"तुम्ही तर शाळेत. बसणार कोण?"
आम्ही दोघांनी कॉटकडे बघितलं.
"मी कुठे जातोय," हे म्हणाले. झाली नेमणूक.

२० सप्टें., शनि.
मोटर आत जाते पण फ्रेमला घासते. मध्ये एक जाड वॉशर हवा. लालबागहून आणला, पातळ निघाला. ह्यांनी ट्रंकेतून व्हर्निअर काढलं, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं. मापलं, चिठ्ठीवर लिहून दिलं.

२२ सप्टें., घट बसले
दुसरा आणला. भोक लहान. "मापं लिहून दिली होती ना?" दिली होती, चिठ्ठी घरी विसरले, म्हटलं. पहिला वॉशर खरंच चुकला होता. दुसऱ्याचं... थोडंसं मुद्दाम. आज घट बसले आणि आजच खोटं बोलले. देवी बघून घेईल.

२४ सप्टें.
घरी आले तर कॉट रिकामी. गॅलरीतून खाली वाकले तर सावंत भावोजींनी सांगितलं, "कॉटन ग्रीनला गेलाय, लेथवाल्याकडे. चालत. मी येतो म्हटलं तर नको म्हणाला."
सातला आले. घामाघूम, जिन्यात दोनदा बसून. हातात वॉशर, लेथवाल्याच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलेला. "लेथवाल्याला काही येत नाही," एवढंच बोलले. जेवताना आमटी दुसऱ्यांदा मागितली. मी ओरडायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

२८ सप्टें., रवि.
मोटर बसली! वायरी माझ्या, आटे ह्यांचे. मागच्या चाकाच्या एका तारेवर छोटं चुंबक आणि जवळ सेन्सर. चाक किती वेगात फिरतंय ते मोटरला त्यावरून कळतं. ह्यांना वजन उचलायची बंदी, म्हणून भावोजींनी आणि मी सायकल तीन मजले उतरवली. आता जिन्याखालीच राहील, कमिटीने जागा दिली.
ट्रायल कोण घेणार? हे म्हणाले, "तू."
मी शेवटची सायकल चालवली ती देवगडला, अकरावीत. साडी बदलून ड्रेस घालून आले. पहिल्याच पेडलला कुणीतरी मागून अलगद ढकलल्यासारखं. गोदीकडचा रस्ता रविवारचा मोकळा, मी एकटीच हसत सुटले, वय वर्षं बावन्न. परत आले तर हे विचारतायत, "तिसऱ्या गिअरला चेन कटकट करते काय?" मला काय माहीत! मजा आली एवढं सांगितलं. त्यांना ते फारसं उपयोगाचं वाटलं नाही.

१ ऑक्टो., खंडेनवमी
हत्यारांची पूजा दर वर्षी हे करतात. या वर्षी म्हणाले, "तूच कर." पाने, पक्कड, व्हर्निअर मांडलं, माझा मल्टिमीटरही ठेवला. जिन्याखाली जाऊन सायकलला हळदकुंकू, हँडलला झेंडूचा हार. मागचं चाक बोडकं दिसत होतं म्हणून तिथेही एक गुंफला. फार छान दिसत होती.

२ ऑक्टो., दसरा
संध्याकाळी मी हार ओढून काढले, ट्रायलला निघाले. दहा पावलं, आणि मोटर गप्प. हँडलवरच्या छोट्या स्क्रीनवर एरर. बंद करून चालू केली, पुन्हा तेच. ह्यांनी सगळी जोडणी उघडून बघितली. दोन तास. मग पाना खाली ठेवला.
"माझ्याच्यान आता होत नाय गो. डोकं पहिल्यासारखं चालत नाही."
वर निघून गेले. सोनं द्यायला माणसं येत होती, मी हसून घेत होते.

४ ऑक्टो.
कॉट. टीव्ही. बॅटरी चार्ज करायची का विचारलं. "कशाला?"
शाळेत प्रयोगशाळेचं दार लावून रडले. बायपासच्या वेळी रडले नव्हते.

५ ऑक्टो., रवि.
हे उठायच्या आत किटचं पुस्तक घेऊन खाली गेले. हा एरर म्हणजे वेगाचा सेन्सर. मागचं चाक हाताने फिरवून बघितलं. चुंबक तारेवरून घसरून पार आत गेलेलं, आणि त्याच्याभोवती झेंडूचा दोरा, पाकळ्यांसकट. मीच! हार ओढताना.
जागेवर आणायला दोन मिनिटं लागली असती. गुपचूप करता आलं असतं. पण मग आपलं डोकं चालत नाही हे ह्यांच्या मनात तसंच राहिलं असतं. हात लावला नाही. वर जाऊन उठवलं. "अहो, तुमचं काही चुकलं नव्हतं. माझ्या हाराने चुंबक सरकलंय."
खाली आले. वाकून बघितलं. आणि मग अख्खी चाळ जागी होईल असा आवाज: "खुळावलंस काय गो तू? फिरत्या चाकाक कोण हार घालता?" पुढचं सगळं मालवणीत, लिहिण्यासारखं नाही. किती महिन्यांनी ओरडले माझ्यावर. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. इतकी खूश होते की मान वर करायची सोय नव्हती.

१२ ऑक्टो., रवि.
आठवडाभर रोज खाली जाऊन काहीतरी करतात. ब्रेक, सीट, चेन. बसत मात्र नाहीत. ट्रायल मीच. आज सरळ विचारलं, "घाबरताय ना?"
पाना पुसत राहिले. मग म्हणाले, "हो." आणि मग, "चौपाटीच्या वाटेवरचा पूल चढताना छातीत काही झालं, बाजूला कुणी नसलं, तर?"
मोटर आहे ना, असं म्हणणार होते. ते गिळून टाकलं. म्हटलं, मला पण हीच भीती, रोज शाळेतून जिना चढताना, की दार उघडल्यावर काय दिसेल. हे त्यांना माहीतच नव्हतं. हातातलं फडकं माझ्यापुढे धरलं, डोळे पुसायला. ग्रीसचं फडकं! काय म्हणायचं या माणसाला.

१९ ऑक्टो., रवि.
दिवाळीची सुट्टी. चकलीचं पीठ परातीत तसंच पडलंय.
सव्वासहाला हे बूट घालून तयार. "गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो." मी गॅलरीत. एकदा पाय टेकला, सावरले, निघाले. टोकाला थांबले. वर बघितलं की नाही, इतक्या लांबून कळलं नाही. मग मागे न वळता उजवीकडे, पुलाच्या बाजूला गेले. मी "अहो!" म्हणून ओरडले. आनंदाने की भीतीने, मलाच ठाऊक नाही.

६.५० फोन लावला. उशीखाली वाजला.

७.०५ भावोजी खाली आपली सायकल काढून उभे. "वहिनी, जाऊ का मागून?"
हो तोंडात आलं होतं. पण मागून कुणी आलेलं दिसलं तर ह्यांना कळेल, मी अजून त्यांना आजारीच धरून चाललेय. मग पुन्हा कॉट.
"नको," म्हटलं.
"आणि काही झालं असेल तर?"
"नको, भावोजी."

७.२० भावोजी सायकल आत ठेवत नाहीयेत. धरून उभे, वर माझ्याकडे बघतायत. मी त्यांच्याकडे बघत नाही. रस्त्याकडे बघतेय. नको म्हटलंय मी.