हळदीचा तास, ब्रोकोलीचा तास

३ मार्च, सकाळी ६.१०
हिच्या दुसऱ्या केमोला सोळा दिवस आहेत. डॉक्टरबाई त्यांचं काम करतील, मी माझं. बावीस वर्षं शाळेचं टाइमटेबल मी लावलं, एका वर्गात दोन मास्तर कधी आले नाहीत. (एकदाच आले. चूक शिपायाची.) इथे तर कॅन्सरवरचे फक्त सात पदार्थ आहेत. एकेकटा पदार्थ कॅन्सरला पुरत नाही, सगळ्यांनी मिळून घेरायला हवं. हे डॉक्टरांना कसं सुचलं नाही, देव जाणे.

४ मार्च
तक्ता तयार. तीन रंगांत. पहिला तास हळद-मिरी, दुसरा ग्रीन टी, तिसरा कच्ची ब्रोकोली, मधल्या सुट्टीत लसूण, पुढचे तास बाकीच्यांना. हिने नीट वाचला आणि जेवणाचा तास कुठे आहे, असं विचारलं. बारीकसारीक दुरुस्त्या होतच असतात.

७ मार्च
हिने नाक दाबून घेतलं, पण सगळं घेतलं. मीही चाखणार होतो, पण औषध वाया का घालवायचं? मुलीने फोनवर विचारलं, डॉक्टरांना सांगितलंत का. म्हटलं, गुण आला की सांगेन. आधीच सांगून त्यांना ओशाळं कशाला करायचं?

११ मार्च
ग्रीन टी आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आल्या. डबीवर लिहिलंय, दिवसाला एक. ते धडधाकट माणसासाठी असणार. आपण तीन.
ही टोस्ट मागत होती. तक्त्यात जागा नव्हती. उद्या नक्की.

१४ मार्च
टोस्ट राहिला. वजन दीड किलो कमी. त्यातलं थोडं तरी गाठीचं असेलच.

१७ मार्च
ही पिवळट दिसते. हळद अंगी लागली, म्हटलं. डोळेही पिवळे आहेत. रक्त तपासायला दिलं.

१९ मार्च, दुपारी २
केमो झाली नाही. लिव्हरचे आकडे फार वर गेलेत. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरी काही देता का. मी खिशातून तक्त्याची कॉपी काढून दिली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हे सगळं आजपासून बंद, म्हणाल्या, आणि आकडे खाली येईपर्यंत केमो देता येणार नाही. किती दिवस? ते सांगता येत नाही, म्हणाल्या.
टॅक्सीत हिला म्हटलं, एवढा त्रास होत होता तर नको म्हणायचंस.
"तुम्ही फार घाबरला होतात," ती म्हणाली. "ते सगळं करताना जरा बरे दिसायचात."

२० मार्च, सकाळी
सवयीने सहाला स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यापाशी नुसताच उभा राहिलो. हिने आतून विचारलं, काय करताय. म्हटलं, काही नाही. मग इथे येऊन बसा, म्हणाली.
बसलो. मला खूप भीती वाटते, असं तिला सांगितलं.
"मलाही," ती म्हणाली.