बंधुराजांचा बत्तीस किलोबाइटांचा पराक्रम

ती. वन्संना आठांपैकी पाच अंगांनी नमस्कार. उरलेली तीन अंगं तुमच्या भावाचा टीव्ही दोन जिने वर चढवताना आखडली ती अजून सुटलेली नाहीत, तेव्हा ती पोचली असं समजावं. आम्ही सगळे (म्हणजे मी, आपले बंधुराज आणि तो टीव्ही) खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? भावजींची दुपारची डुलकी वेळेवर लागते ना? फोन सोडून पत्र का, असं वाटेल. आमच्या दोन खोल्यांत फोनवर तुमचा विषय निघाला की पलीकडची खुडबुड एकदम थांबते. तुम्हां भावंडांचं बोलणं बंद होऊन दोन वर्षं झाली, पण यांच्या कानांनी काही अबोला धरलेला नाही.

कारणही किती थोर! माहेरचं घर रिकामं करताना तुम्ही माळ्यावरचं खोकं भंगारवाल्याला देऊन टाकलंत, आणि त्यात तुमच्या लहानपणीच्या व्हिडिओ गेमच्या सगळ्या कॅसेट निघाल्या. तुम्ही म्हणालात, पन्नाशीला टेकलेल्या माणसाला खेळणी कशाला? हे म्हणाले, विचारायला तोंड दुखत होतं का? झालं. दोन शहाणी माणसं, एक खोकं. कपाटात होतं म्हणून यंत्र तेवढं वाचलं. गेल्या वर्षी यांनी ते काढलं, चष्म्याच्या फडक्याने पुसलं आणि त्याच्या रिकाम्या खाचेकडे बघत बसले. साध्या माणसाने जुन्या कॅसेट शोधून विकत आणल्या असत्या. आपले बंधुराज साधे असते तर मला पत्राला विषय उरला नसता. त्यांनी जाहीर केलं, की या यंत्रासाठी नवा गेम मी स्वतः बनवणार. (बनवणाऱ्या कंपनीनेही हे यंत्र केव्हाच सोडून दिलंय, पण आपल्या घराण्यात चिकाटी आहे.)

पहिल्या दिवशी कळलं, की आपल्या पातळ टीव्हीवर हे चालणार नाही. त्याच्यावर बटण दाबल्यावर माणूस उशिरा उडी मारतो म्हणे. किती उशिरा? डोळ्याची पापणी लवायच्या आत! जन्मभर लोकांचे डोळे तपासलेल्या माणसाशी यावर काय वाद घालणार? मग एका टीव्ही मेकॅनिककडून जुना, मागे पोट सुटलेला टीव्ही आला. वर चढवताना हे पुढे चालत "सांभाळून, सांभाळून" म्हणत होते. मला नव्हे, टीव्हीला.

या यंत्राचं मोठेपण काय सांगू! अख्खा गेम बत्तीस किलोबाइटांत मावायला हवा. म्हणजे भावजी मोबाईलवर रोज जो फुलांचा फोटो पाठवतात, त्याच्या शंभराव्या हिश्शात. यंत्राला गुणाकार येत नाही, सगळं बेरजा करकरून सांगावं लागतं. दोनशे पंचावन्नच्या पुढे मोजायचं म्हटलं की ते निमूट शून्यावर येतं. एका आडव्या रेषेत आठच चित्रं दिसतात, नववं आलं की गुल. चार महिने राबून यांचा गडी एकदाचा चालू लागला, तर जमिनीतून आरपार खाली गेला. तो दुरुस्त केला, तर भिंतीत शिरला. तेही दुरुस्त केलं, तर शत्रू जमले की नेमका आपलाच माणूस गायब व्हायला लागला. मी म्हटलं, हे मात्र हुबेहूब जमलंय, घरात पाहुणे आले की तुम्हीही असेच करता. जगात असे आणखीही लोक आहेत बरं का! ते एकमेकांना लांबलचक पत्रं लिहून कळवतात, की आज माझा माणूस उडी मारून परत खाली आला. अभिनंदनांचा पाऊस पडतो.

चष्म्याच्या दुकानाचं म्हणाल, तर एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या चष्म्याला डावी काच उजवीकडे बसली. बाई तीन दिवस भिंत धरून चालल्या आणि चौथ्या दिवशी दुकानात येऊन शाळेतल्या आवाजात बोलल्या. यांनी मान खाली घातली होती. मला वाटलं, शरमेने. नाही, बिलाच्या पाठीमागे शिडी चढणाऱ्या माणसाचे पाय काढत होते.

आता चित्रांत मी कशी अडकले ते सांगते. या यंत्रावरचा माणूस म्हणजे सोळा आडवे, सोळा उभे चौकोन आणि तीन रंग. यांनी काढलेला माणूस पाण्याच्या टाकीसारखा दिसे. विणकामाच्या वर्गात मी बायकांना चौकटीच्या कागदावर नमुने काढून देते, तेव्हा केवळ दया म्हणून पेन्सिल हातात घेतली. (दया करावी, पण पेन्सिल घेऊन करू नये.) एक मुलगा काढला. मग हे घसा साफ करून म्हणाले, एक मुलगीही लागेल, दोन वेण्यांची. मी वेण्या दोन-दोन चौकोनांत बसवल्या. ती पडद्यावर चालायला लागली आणि पावलागणिक तिच्या वेण्या हलल्या, तेव्हा मी पळी हातात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आले, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

गेममध्ये दोन भावंडं एका उंच घरात मजले चढत जातात. (भंगारवाला खलनायक आहे. तुम्ही नाही, मी तपासलं.) एकाने दार धरायचं, दुसऱ्याने आत जायचं, मग उलट. एकट्याला पुढे जाताच येत नाही. मी म्हटलं, एकट्यालाही खेळता येईल असं करा की, आपल्याकडे येतंय कोण? म्हणाले, जागा शिल्लक नाही. त्याच आठवड्यात पडद्यावर मागचे ढग सरकवायला जागा कुठून निघाली, ते विचारलं नाही.

म्हणून खेळताना वेण्यांची मुलगी माझ्या गळ्यात पडली. गेमच्या रिमोटवर उजवीकडे दाबलं की ती डावीकडे धावे, वर दाबलं की खाली उतरे. गेममधल्या चुका टिपायच्या वहीत मी ते ठळक अक्षरांत लिहिलं. यांनी खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा मी वही समोर आपटली.

"ही चूक नाहीये," हे म्हणाले.

"मग काय आहे? मुलगी उलटी चालते!"

"ती रिमोट उलटाच धरते ना. डावखुरी आहे."

"ती कोण?" मी विचारलं. वन्सं, लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण हा प्रश्न विचारायची वेळ कधी आली नव्हती हो. हे नुसते त्या वेण्यांकडे बघत राहिले, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लहानपणी उलट्या रिमोटमुळे तुम्ही सारख्या हरायच्यात, आणि हे जिंकलो म्हणून घरभर नाचायचे, असं सासूबाई सांगत. "आता हरणार नाही," एवढंच म्हणाले आणि दुकानाच्या किल्ल्या शोधायला लागले. किल्ल्या हातातच होत्या.

मी मध्ये पडणार नाही. तुमचं भांडण, तुम्ही बघा. मी आपली खुशाली कळवली.

तुमची वहिनी

ता. क. – रविवारी दुकान बंद असतं, हे घरीच असतात. डोळ्यांचा नंबर वाढलाय म्हणून या. मी पत्र लिहिल्याचं यांना कळता कामा नये.

ता. क. २ – भांडण मिटतंय की नाही, याच्याशी खरं तर मला काही देणंघेणं नाही. शेवटच्या मजल्यावरचे पडदे, दिवा, गॅलरी, सगळं मी काढलंय, आणि त्या उलट्या मुलीला घेऊन मला तिसऱ्या मजल्याच्या वर जाता येत नाही. माझं काम मला बघायचंय. लवकर या.

ता. क. ३ – पत्र पाकिटात घालायला घेतलं, तर शुद्धलेखनाच्या चार चुका कुणीतरी पेन्सिलीने दुरुस्त केल्या आहेत. पहिल्या ता. क. मधलं 'रविवारी' खोडून 'शनिवारीच' केलंय. एरवी शनिवारी दुकान उघडं असतं, हे तुम्हांला माहीत आहेच.