बाबांनी कुठं म्हातारं व्हायचं

३ सप्टेंबर, फुएंगिरोला

ठरलं. बाबांनी रिटायर झाल्यावर इकडं स्पेनला यायचं. त्यांना अजून सांगितलेलं नाही, पण ठरलं.

आज पेंटीच्या एका गिऱ्हाइकाकडं सॉना बसवत होतो. पेंटी माझा बॉस. आपल्या फिनलंडचा माणूस इथल्या उन्हात राहायला येतो आणि पहिल्यांदा काय मागतो, तर घरात घाम काढायची खोली. असू दे, माझं पोट त्यावर चालतं. तर गिऱ्हाईक पंचाहत्तरीचं, नुसत्या चड्डीवर, हातात बियर, समोर समुद्र. आमच्या गावी, कुहमोत, या वयाची माणसं छपरावरचा बर्फ काढताना शिडीवरून पडतात.

मी नववीत शाळा सोडली, पण एवढं गणित मला येतं.

७ सप्टेंबर

बाबांना फोन केला. सगळं समजावलं. तिकडं वीज, जळण, पेट्रोल, रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ट्रॅक्टरवाला. इकडं भाडं आणि मासे, संपलं. आई गेल्यापासून एवढ्या मोठ्या घरात एकटे, बोलायला शेजारचा कालेर्वो, तोही बहिरा होत चाललेला. मी बराच वेळ बोललो. ते म्हणाले, हं. मग म्हणाले, कॉफी उतू जातेय, ठेवतो.

म्हणजे होकार. आमच्याकडं पटलं नाही की माणूस खुर्ची मागं सरकवून उठतो. फोनवर खुर्चीचा आवाज आला नाही.

हे सगळं त्यांच्यासाठी. माझं काय, मी एकटा मजेत असतो. रविवारी जरा वेळ जात नाही, तेवढंच.

१९ सप्टेंबर

कालेर्वोचा फोन. म्हणाला, अरे साक्या, बापाला नीट विचारलंस का, त्याला यायचंय का म्हणून. मी म्हटलं, काका, ते नाही म्हणालेत का. म्हणाला, तुझा बाप आयुष्यात कुणाला नाही म्हणालाय का, जंगलात मशीन चालवताना पाय मोडला तेव्हा डॉक्टरला म्हणाला, जरा कुरकुरतंय.

कालेर्वोचं दुःख मला कळतं. त्याला शनिवारी सॉनात जोडीला कोणी उरणार नाही. स्वार्थी म्हातारा.

१४ ऑक्टोबर

घर विकलं. हेलसिंकीच्या एका जोडप्यानं घेतलं, उन्हाळ्यात महिनाभर यायला. किंमत ऐकून मी जरा वेळ खाली बसलो. पण कुहमोत घर घ्यायला रांग कुठं लागते. शिवाय आता दरवर्षीचा खर्च वाचला, तो धरला तर आपण फायद्यातच आहोत. कसे ते नंतर सविस्तर लिहीन.

बाबांना विचारलं, वाईट वाटलं का. म्हणाले, घराला काय कळतं.

मी दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्यानं घेतला. समुद्र दिसतो. बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात उभं राहून वाकलं की.

२१ नोव्हेंबर

बाबा आले. बॅगेत कॉफीची पाकिटं, राय धान्याचा काळा पाव, लोकरी पायमोजे आणि कुऱ्हाड. कुऱ्हाड कशाला, म्हटलं. म्हणाले, घरी कुणासाठी ठेवू. फ्लॅट पाहिला, नळ पाहिले, एक ठिबकत होता तो दुरुस्त केला. मग बसले.

खूश आहेत. एकही तक्रार नाही.

३० नोव्हेंबर

इमारतीत बरेच आपल्याच देशाचे लोक, म्हणून तळघरात सगळ्यांचा मिळून एक सॉना आहे. प्रत्येक घराला आठवड्यातला एक तास. शनिवारचे तास जुन्या लोकांनी कधीच धरून ठेवलेत, कोणी मेल्याशिवाय सुटत नाहीत. आपल्याला मंगळवारची दुपार मिळाली. मी म्हटलं, बाबा, रिटायर माणसाला मंगळवार काय नि शनिवार काय.

काल शनिवार. बाबा टॉवेल खांद्यावर टाकून खाली गेले आणि तासाभरानं कोरडेच परत आले. बंद दाराबाहेर पायरीवर बसले होते. कशाला, म्हटलं. म्हणाले, सॉनाचा वास येतो.

हळूहळू सवय होईल.

१२ डिसेंबर

एक गोष्ट हिशोबात राहून गेली होती. इथल्या घरांना हिवाळा असतो हे बांधणाऱ्यांना माहीतच नाही. फरशी संगमरवरी, खिडकीतून वारा, खोली तापवणारा रेडिएटर नावाची वस्तू नाही. बाहेर ऊन आणि आत आपण कुडकुडतोय. कुहमोत उणे तीसमध्ये बाबा बनियनवर कॉफी प्यायचे. इथं टोपी घालून टीव्ही बघतात, तोही स्पॅनिश. हीटर आणला. विजेचं बिल तिकडच्यापेक्षा जास्त येईल असं पेंटी म्हणतो. पेंटी नेहमीच निराशेचं बोलतो.

२४ डिसेंबर

बाबा सकाळपासून अस्वस्थ. दुपारी जामच्या बाटलीत मेणबत्ती घेऊन निघाले. मला आधी कळेना, मग कळलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपण आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावतो. ज्यांची माणसं लांब पुरलीत त्यांच्यासाठी तिकडच्या प्रत्येक कब्रस्तानात एक वेगळा दगड असतो, त्यापाशी ते लावतात. इथं तसा दगड नाही. बाबा किनाऱ्यावर हिंडून अंधार पडल्यावर परत आले, मेणबत्ती न पेटवताच. वारा होता म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावरच्या लेम्पीबाई आल्या होत्या केक घेऊन. विधवा आहेत, आपल्याकडच्याच, बरीच वर्षं इथं. बाबांना नावानं हाक मारून म्हणाल्या, पहिलं वर्ष असंच जातं, तौनो, पुढं आपण तारीखच विसरतो. बाबा म्हणाले, मग बरं.

कालेर्वोनं थडग्याचा फोटो पाठवला. त्यानं लावली होती. मी बाबांना दाखवला नाही. उगाच सणासुदीला.

२२ जानेवारी

पेंटीशी वाजलं. म्हणाला, तुझं लक्ष नाही, तुझ्या बसवलेल्या बाकाच्या फळ्या हलतात, काल एक आजोबा सॉनाच्या शेगडीतल्या गरम दगडांवर बसता बसता वाचले. मी म्हटलं, आजोबांनी बघून बसावं.

खरं सांगायचं तर या गावाचा मला कंटाळा आलाय. सगळीकडं म्हातारे. बेकरीत म्हातारे, बसमध्ये म्हातारे. माझ्यासारख्या तरुण माणसानं इथं काय करायचं? कोणी आधी सांगितलं असतं तर.

१८ फेब्रुवारी

पेंटीनं काढून टाकलं. मी सोडणारच होतो.

नवा विचार, आणि हा पक्का. दोघांनी परत कुहमोला जायचं. जळण काय, जंगलातून मिळतं. मासे तळ्यात. हवा शुद्ध. खर्च बघितला तर इथल्या निम्म्यात भागतं. हे आधीच कसं सुचलं नाही.

१९ फेब्रुवारी

कालेर्वोला फोन केला, नवे मालक घर परत विकतील का म्हणून. आधी त्याला ऐकू येईना. मग म्हणाला, कुठलं घर? त्यांनी तळ्याकाठचा जुना सॉना पाडला की रे, काचेची खोली बांधतायत. मग म्हणाला, बापाला दे फोन. मी म्हटलं, ते बाहेर गेलेत. बाबा समोरच बसले होते. कालेर्वो ओरडून बोलतो, त्यामुळं त्यांनी सगळं ऐकलं. उठून कॉफी ठेवली.

११ मार्च

नॉर्वेत, एकदम वर, मासळीच्या कारखान्यात काम मिळालं. पगार इथल्याच्या दुप्पट. बाबांना सांगितलं, फक्त उन्हाळ्यापुरतं. तुम्ही इथं आरामात राहा, तुम्हाला हवा मानवलीय.

बाबांनी कॉफीचा कप धुऊन पालथा ठेवला. मग म्हणाले, पोरा, मी इथं हवेसाठी आलो नव्हतो.

मग कशासाठी, म्हटलं. म्हणाले, तू इथं होतास.

मी म्हटलं, अहो, मी तर तुमच्यासाठीच इथं राहिलो इतके दिवस. नाहीतर कधीच गेलो असतो. हे ऐकून त्यांना बरं वाटलं असणार. बापाला कळायला हवं मुलगा किती करतो ते.

२ एप्रिल

उद्या निघतो. फ्लॅटचा करार पुढच्या ऑक्टोबरपर्यंत मोडता येत नाही, म्हणजे बाबांना जागेची चिंताच नाही. लेम्पीबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं. त्या म्हणाल्या, बाळा, त्यांच्यावर लक्ष ठेवायला माझी ना नाही, पण माझ्यावर लक्ष ठेवणारा कोण आहे? विनोदी बाई आहेत.

२१ जून, नॉर्वे

उन्हाळा म्हणतात याला. पाऊस, चार डिग्री, हाताला कॉड माशाचा वास, तो साबणानं जात नाही. पण पगार चांगला. इथून ऑगस्टमध्ये आइसलंडला जायचा विचार आहे. तिकडं म्हणे पगार आणखी जास्त.

आज आमचा जूनमधला सगळ्यात मोठ्या दिवसाचा सण, म्हणून बाबांना फोन केला. मजेत आहेत. खूप उकडतंय म्हणाले, दुपारी घरातच बसतो. एप्रिलमध्ये शनिवारचा एक तास सुटला होता, तो त्यांना मिळालाय. मी म्हटलं, बघा, मिळाला की शेवटी. कुणाचा होता, विचारलं. म्हणाले, लेम्पीचा.

मग मी इकडच्या पावसाचं सांगितलं. ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, साकू, तिकडं एका म्हाताऱ्या माणसाला राहायला महिन्याला किती पडतं?

मी म्हटलं, बाबा, नॉर्वे आहे हे, फार महाग. नुसता पाव घेतला तरी घाम फुटतो. तुम्ही तिथंच बरे.

हो, म्हणाले, महाग असेल.

त्यांच्या भल्याचंच सांगितलं. खोलीचं भाडं कारखाना भरतो, ते वेगळं. खोलीत दुसरा पलंग आहे, त्यावर मी ओले कपडे वाळत घालतो.