निघताना दही-साखर

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

परवा स्कॅन. केमोच्या दोन फेऱ्या झाल्या. उत्कर्षाच्या मानेतली गाठ आता हाताला लागत नाही. छातीतल्या गाठीचं काय, ते कळत नाही – सगळी भीती तिचीच.

डॉक्टरबाई म्हणाल्या, लिम्फोमा बरा होतो. पण स्कॅन साफ आला तरच छातीला किरण द्यायचे टळतील. "किरणांचा त्रास वीस वर्षांनीही निघतो. तिचं हृदय जपू या."

माझी पोर नऊ वर्षांची आहे.

स्कॅनच्या सकाळी पाण्याशिवाय काही द्यायचं नाही. गोड तर मुळीच नाही. आईला दोनदा बजावलं. "व्हय रं, कळतंय मला."

गुरुवार, ६ नोव्हेंबर

स्कॅन झालाच नाही!

सिस्टरनं विचारलं, काही खाल्लंय का? मी ठामपणे नाही म्हणालो. उत्कर्षा हळूच म्हणाली, "पप्पा, आजीनं दही-साखर दिली. वाटीभर."

सिस्टर म्हणाली, असाच स्कॅन केला असता तर गाठ असूनही कदाचित नीट दिसली नसती. सोमवारची तारीख दिली. मारुंजीला घरी येईपर्यंत डोक्यात एकच होतं. पोर बोलली नसती तर?

घरी आईला नको नको ते बोललो. तिनं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "सायलीला तसंच जाऊ दिलं व्हतं."

खरं आहे. गेल्या वर्षी सप्टेंबरात बायकोला डेंग्यू झाला. दवाखान्यात न्यायला गाडी दारात उभी होती. आई वाटी घेऊन आली. मी म्हणालो, राहू दे, उशीर होतोय. सायली परत आली नाही.

चौदा महिने आई यावर बोलली नव्हती. मीही नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आई नीट जेवत नाही. मीच बोलायला हवं. जमत नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

स्कॅन झाला.

निघताना आई दारात आली, हात पदराखाली धरून. गाडी सुरू केली होती, ती बंद केली. उतरून तिच्या पाया पडलो. "आल्यावर दे," म्हणालो.

रिपोर्ट परवा. आजचा दिवस सरत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

कुठेच काही दिसलं नाही. उरलेली औषधं पूर्ण करायची, पण किरण नकोत.

हॉस्पिटलच्या जिन्यातूनच आईला फोन केला. ती म्हणाली, "सायलीच्या फोटूम्होरं वाटी ठेवलीया. पोरीला घिऊन ये."