पक्का रंगारी

॥ श्री ॥
शहापूर, ता. १४ ऑगस्ट १९३८

चि. मष्णूस थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

हिकडं सगळी खुशाल हाय. पत्राला उशीर झाला त्याला कारण दसऱ्याची लुगडी. मागवाल्यांनी सूत आणून टाकलंय, अंगणात पाय ठेवायला जागा न्हाय. आपलं पोरगं रवळू आता कढईवर एकटं उभं ऱ्हातं. फक्त रंगाचा थेंब जिभेवर घेऊन आंबटपणा बघायचं काम मी अजून त्याच्यावर सोडलेलं न्हाय.

आता आनंदाची बातमी. पंधरवड्यामागं एका सोमवारी सकाळी परसाकडं गेलतो तर लघवी लालभडक! दुखणं न्हाय, खुपणं न्हाय. म्हणजे मीबी पक्का रंगारी झालो रं बाबा. आपल्या बापूंचा रंग त्रेचाळिसाव्या वर्षी निघालता, माझा एकेचाळिसाव्यालाच. अंगात मुरून उरलेला रंग बाहेर पडला की हात बसला म्हणायचं, ही गल्लीची जुनी रीत तुला ठावी हायच. कढईला नारळ फोडला. आठ दिवस ताक नि शहाळ्याचं पाणी, कामाला हात लावू दिला न्हाय कुणी. चौथ्या दिवशीच पाणी नितळ झालं.

तू माझ्यासंगं सहा वर्षं कढईत हात घातलास, पर रंग निघायच्या आधीच शाळेकडं पळालास. कच्चा ऱ्हायलास! तुझी वैनी म्हणती, लोकांच्या मुताच्या बाटल्या तपासायला भावजी मुंबईला गेले, आणि घरची लाल बाटली वाया गेली. लई हसलो आम्ही.

खुशाली कळव. माया हाय तशीच ऱ्हाऊ दे.
तुझा, आण्णाप्पा

॥ श्री ॥
मुंबई, ता. १८ ऑगस्ट १९३८

ती. अण्णा व ती. सौ. वैनी यांच्या चरणी मष्णूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून हसलो नाही, राग मानू नका. अण्णा, तो रंग नव्हे, ते रक्त आहे. न दुखता येणारं रक्त आम्हांला दुखणाऱ्यापेक्षा जास्त भिववतं. ते आपोआप थांबतं, म्हणूनच माणूस फसतो. बापूंचा रंग निघाला तेव्हाही आपण नारळ फोडला होता, आणि तीन वर्षांत ते गेले. मूतखडा म्हणून आपण गप्प बसलो. तो खडा कुणी डोळ्यांनी पाहिला होता का?

मिळेल त्या गाडीनं या. इथे लघवीच्या वाटेनं बारीक दुर्बीण घालून आतली पिशवी पाहता येते. मोठे सर्जन माझ्या ओळखीचे आहेत. दसऱ्याची लुगडी रवळू आणि वैनी बघतील. पायांवर डोकं ठेवून सांगतो, उशीर करू नका.

आपला आज्ञाधारक, मष्णू

॥ श्री ॥
शहापूर, ता. ५ सप्टेंबर १९३८

चि. मष्णूस आशीर्वाद. वि. वि.

अरं, किती घाबरशील! पाणी आता विहिरीसारखं नितळ हाय. भूक लागती, झोप लागती. दुखत न्हाय त्याला औषध कशाचं घ्यायचं? आणि त्या वाटेनं दुर्बीण घालणार म्हणतोस, शिव शिव! वैनीला हे वाचून दाखवताना माझीच पाचावर धारण बसली.

गल्लीत तुझं पत्र सांगितलं तर भावकू रंगारी म्हणाला, शिकलेल्या माणसाला सगळीकडं रोगच दिसतोय. त्याचा रंग गेल्या साली निघालता, आता गडी पैलवानागत हिंडतोय. दिवाळीनंतर बघू. तुझ्या समाधानासाठी वैनी कपिलेश्वराला सोमवार धरणार हाय.

काळजी सोड, जेवत जा.
तुझा, आण्णाप्पा

॥ श्री ॥
मुंबई, ता. ११ मार्च १९३९

ती. अण्णांच्या चरणी सा. नमस्कार. वि. वि.

आपण सुखरूप पोचल्याचं रवळूचं कार्ड मिळालं. गाडीत त्रास झाला नाही ना? संक्रांतीला पुन्हा लाल झालं, रक्ताच्या गाठी पडल्या, तेव्हा तरी आलात, हे बरं केलंत. विजेच्या तारेनं जाळलेली जागा काही दिवस चुरचुरेल. पाणी भरपूर प्यावं. कढईजवळ जाऊ नये, आणि रंग जिभेवर तर अजिबात घेऊ नये. तपासणीत एक गाठ निघाली, ती जाळली आहे. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. वैनींना सांगा, त्यांचा लाडू वॉर्डातल्या सगळ्यांनी खाल्ला.

अधिक काही लिहिण्यासारखं नाही.
आपला, मष्णू

॥ श्री ॥
शहापूर, ता. २० मार्च १९३९

चि. मष्णूस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. एवढं आखूड पत्र तू जन्मात कधी लिहिलं न्हाईस. लहानपणी मडकं फोडलंस की असाच मोजकं बोलायचास. म्हणून सरळ इचारतो. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवरचा गुजराती म्हणत होता, काढलेला तुकडा खाली काचेखाली बघत्यात आणि किती दिवस ते सांगत्यात. काचेखाली बघणारा तूच न्हवं?

मी भितो असं समजू नको. भितोच, पर ते माझं मी बघीन. मला दोनच गोष्टी कळू देत. किती दिवस, आणि रवळूचं काय. पोरगं तेराव्या वर्षापासनं कढईवर हाय. खोटं लिहिलंस तर मला अक्षरावरनं कळतंय, तुला गिरवायला मीच शिकवलंय.

वैनीला यातलं काय ठावं न्हाय.
तुझा, आण्णाप्पा

॥ श्री ॥
मुंबई, ता. २ एप्रिल १९३९

ती. अण्णांच्या चरणी सा. नमस्कार. वि. वि.

चार पत्रं लिहून फाडली. होय, काचेखाली मीच पाहिलं. आमच्याकडे काचेवर नाव नसतं, नंबर असतो. पण नंबर आपला आहे हे मला ठाऊक होतं. अनोळखी माणसाचा तुकडा असता तर दोन ओळींत लिहून मोकळा झालो असतो. गाठ नुसती वरवर असती तर वर्षानुवर्षं जाळत राहता आलं असतं. आपल्या गाठीची मुळं पिशवीच्या जाड मांसात उतरली आहेत. अशा माणसाला पुस्तकं एक वर्ष देतात, फार तर दीड. सगळी पिशवीच काढावी तर दहांतले पाच टेबलावरच जातात. सर्जन नको म्हणाले, मीही नको म्हणालो. चुकलो असेन तर देव मला क्षमा न करो.

जर्मनीत चाळीस वर्षांपूर्वीच कुणी लिहून ठेवलंय की रंगाच्या कारखान्यांतल्या मजुरांना हा रोग होतो. परवा अमेरिकेत कुत्र्यांना रंगातलं एक द्रव्य खाऊ घालून तीच गाठ उठवून दाखवली. पण ते सगळं रंग बनवणाऱ्यांचं. आपल्यासारख्या नुसत्या सूत बुडवणाऱ्यांची कुणी मोजदादच केलेली नाही. रवळूचं म्हणाल तर त्याला आजच्या आज कढईवरून उठवा. याहून जास्त मला येत नाही. रंगाला हात लावल्यावर हा रोग पंधरा-वीस वर्षं गप्प बसतो, आणि त्या मुदतीत काय करायचं ते कुठल्याच पुस्तकात नाही. अण्णा, आपण मला शिकायला धाडलंत, आणि मी एवढंच शिकलो की आपल्याला काय झालंय.

आपल्या या लेकराला पदरात घ्या.
मष्णू

॥ श्री ॥
शहापूर, ता. २६ मार्च १९४०

ती. काकांच्या चरणी रवळूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

अण्णांच्या तेराव्यानंतर तुम्ही मुंबईला गेल्यापासून आई रिकाम्या कढईजवळच बसून असते. जेवायला लावतो तेवढं जेवते. तुम्ही मुक्कामात असताना जे सांगायचं राहिलं ते आता लिहितो. अण्णांनीच बजावलं होतं, की मष्णूला तेराव्यापर्यंत हा कागद दाखवू नको, तो रडत बसेल आणि विधी राहतील.

तुमचं गेल्या सालचं पत्र आल्यावर अण्णांनी दुसऱ्या दिवशी कढई पालथी घातली. आई लई भांडली. मी आता खालच्या गल्लीत मागावर बसतो. त्यानंतर अण्णा गल्लीत घरोघर जायला लागले. लोकांना वाटलं, निरोप घेत फिरतोय. पण ते म्हाताऱ्या बायकांजवळ बसून इचारायचे, तुमच्या मालकांचा रंग कोणत्या साली निघाला, आणि त्यानंतर ते किती दिवस होते. बायका आधी शिव्या द्यायच्या, मग सांगायच्या. भावकू रंगारी तर दारातून हाकलायचा. दिवाळीत तो आडवा पडला, तेव्हा त्यानं स्वतःच अण्णांना बोलावून घेतलं. शेवटी अण्णांना उठवेना, तरी मला सांगून लिहून घेतलं. म्हणायचे, कुणी मोजलं न्हाय म्हणतो न्हवं, मग आपण मोजू, मष्णूच्या कामी येईल.

कागद सोबत जोडलाय. सव्वीस रंगारी आहेत. नाव, कढईवर कधी बसला, रंग कधी निघाला, कधी गेला. शेवटच्या रकान्यात पक्का की कच्चा. पक्के सतरा. त्यांतले सोळा गेले, बहुतेक दोन-तीन वर्षांच्या आत. सतरावा भावकू, तो अजून खाटेवर आहे. अण्णांचं नाव चोविसावं, पुढं त्यांच्याच हातानं पक्का लिहिलंय. गेल्याची तारीख मी घातली.

काका, पंचविसावं नाव तुमचं आहे आणि सव्विसावं माझं. कढईवर सहा-सहा वर्षं. ही दोन नावं अण्णांनी मला सांगितली नाहीत, माझ्या माघारी स्वतः लिहिली; अक्षर त्यांचंच आहे. पुढं लिहिलंय, कच्चे. त्याखाली, कच्चेच ऱ्हाऊ देत रं देवा.

ही ओळ आईला वाचून दाखवली नाही. रोज सकाळी परसाकडं जाताना मी खाली बघतो. तुम्हीही बघत असाल. माणूस कच्चा किती वर्षं राहतो, ते तुमच्या पुस्तकांत कुठं सापडलं तर कळवा. नसलं तरी पत्र पाठवा.

आपलं लेकरू,
रवळू