कोपऱ्यातल्या खोलीचं माप

प्रिय हमीदचाचा,

आज लिहायला बसलोय, कारण उद्या सकाळी दहा वाजता मला बॉयलरचा आकडा सांगायचाय. महाबळेश्वरच्या त्याच वृद्धनिवासात. डॉक्टरबाईंनी जुन्या इमारतीला लागून नवी बांधलीय. आठ खोल्या, एक जेवणघर. तिथंही फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या टाकायच्यात, म्हणजे थंडीत म्हातारी माणसं अनवाणी चालली तरी पाय गार पडायला नकोत. हे काम खरं तुमचं. पण तुम्ही ईदच्या आधीच निघून गेलात आणि बाईंनी मला बोलावलं. मला! डिप्लोमा अर्ध्यात सोडलेला, एका जागी दोन महिने न टिकणारा मी!

आठवतं का, आपली भेट कशी झाली? मी पाटणहून उगाच एसटीत बसून महाबळेश्वरला आलो होतो. स्टँडबाहेर तुम्ही नळीचं भलं मोठं वेटोळं घेऊन उभे. ना ओळख ना पाळख, मला म्हणालात, "उचल रं गड्या. रिकामा दिसतोयस." उचललं. तीन वर्षं उचलत राहिलो. माझ्या आईला अजून हे खरं वाटत नाही.

सांगलीकडच्या साखर कारखान्यात तुम्ही उभी हयात बॉयलरवर काढलेली. मला वाटायचं, हा माणूस नुसतं बघून आकडा सांगत असेल. कसलं काय! तुम्ही खोल्याखोल्यांतून पेटती उदबत्ती घेऊन फिरायचात. खिडकीच्या चौकटीपाशी धरायचात आणि धूर कुठं वाकतो ते बघायचात. स्वयंपाकाच्या मावशींनी विचारलं, "आवं चाचा, ही कसली पूजा?" तुम्ही म्हणालात, "वाऱ्याची. ह्यो देव लय खातो."

केवढं शिकवलंत त्या एका उदबत्तीनं! खोली केवढी आहे ते नंतर, आधी ती ऊब कुठून आणि किती घालवते ते बघायचं. काच किती, भिंत कुठल्या बाजूची, वर छप्पर की दुसरी खोली. जी खोली जास्त ऊब घालवते, तिच्या फरशीखाली नळ्या दाट. सगळ्या खोल्या मिळून जेवढं घालवतात, तेवढाच बॉयलर. मोठा घेतला तर पाणी झटक्यात तापतं, फरशी मात्र ऊब सावकाश पिते. मग बॉयलर बंद, परत चालू, परत बंद, आणि धडधडूनच लवकर म्हातारा होतो. "गल्लीत दूध घालायला ट्रक कशाला रं?" हे तुमचं म्हणणं मी परवा एका टॅक्सीवाल्यालाही ऐकवलं. त्यानं मला मध्येच उतरवलं, पण ते जाऊ दे.

कुठं होतो मी? हं, आकडा.

माझा हिशेब पहिल्यांदा बावीस किलोवॅट आला. मग लक्षात आलं, मी भिंतींना थोडं वाढवून धरलं होतं, मग काचांना, मग परत बेरजेला! तुम्ही सांगायचात ते लग्नाचं जेवण आठवलं. आचारी दहा पानं जास्त धरतो, वरबाप पंधरा, मामा वीस, आणि दुसऱ्या दिवशी गावभर भात वाटत फिरायचं. वाढीव सगळं काढलं. चौदा आला. दोनदा तपासला.

पण बाईंना तीसचा हवाय. म्हणाल्या, "हमीदमिस्त्री माणूस म्हणून सोन्यासारखे, पण मागच्या वेळी बॉयलर लहान घेतला त्यांनी. सुभेदारांची कोपऱ्यातली खोली बघ, अजून गार. या वेळी चूक नको."

चाचा, मी तिथं मान खाली घालून उभा राहिलो. दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा तुम्ही शेजारी होतात. सुभेदार पायात दोन-दोन मोजे घालून म्हणत होते, "बर्फातल्या चौकीपरीस बरं हाय की!" आणि बाई चिडल्या होत्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मॅडम, बॉयलर बराबर हाय. ह्या खोलीचं माप माझ्याकडनं चुकलं."

तुमच्याकडून? माप घ्यायला तुम्ही मला पाठवलं होतं! कोपऱ्यातली ती एकच खोली उरली होती. तेवढ्यात एकानं विचारलं, तापोळ्याला येतोस का, बोटीत बसू. मी गेलो. संध्याकाळी येऊन शेजारच्या खोलीच्या खिडकीचं माप तिथं लिहून टाकलं. कोपऱ्यातली खिडकी दरीकडं तोंड करून जमिनीपासून छतापर्यंत आहे, हे मी बघितलंसुद्धा नव्हतं. नळ्या विरळ पडल्या. वर फरशी बसली. मग तुम्ही त्या खिडकीच्या फटी बुजवल्यात, जाड पडदा लावलात, तरी कसर राहिलीच.

मला वाटत होतं, तुम्हाला कळलंच नाही. काल सुभेदारांकडं चहा प्यायला बसलो, तर ते म्हणाले, "आरं संज्या, बाई चिडल्या त्याच दुपारी तुझा चाचा टेप घिऊन आलता. खिडकी मापली आन् हितं खाटंवर बसून हसला. म्हणला, 'शेजारचं माप चिकटवलंय गड्यानं.' मी म्हणलं, मग कान धरा की. तर म्हणला, 'कशाला? यील की सोता सांगायला.'"

दोन हिवाळे, चाचा! दोन हिवाळे वाट बघितलीत? रोज माझ्यासमोर बसून भाकरी खाल्लीत आणि एका शब्दानं विचारलं नाहीत? एक कानाखाली दिली असती तर त्याच दिवशी बोलून मोकळा झालो असतो की मी! आणि तुम्ही गेलात तेव्हा मी गोव्यात भटकत होतो. मिरजेला तुमच्या घरी पोचलो तेव्हा माती देऊन चार दिवस झाले होते.

आज सकाळपासून नव्या इमारतीतली प्रत्येक खिडकी मी स्वतः मापली, उदबत्ती घेऊन. मावशी म्हणाल्या, "आता तू पण लागलास का पूजेला?" मी पुढच्या खिडकीकडं वळलो. डोळ्यांत धूर गेला होता.

तर चाचा, शब्द देतो. उद्या दहा वाजता बाईंपुढं आकडा नंतर सांगीन. आधी तापोळ्याची बोट सांगीन, आणि ती खिडकी. माझं माप खोटं होतं आणि हमीदमिस्त्रींचा बॉयलर बरोबर होता, हे सुभेदारांच्या समोर सांगीन. त्यानंतर माझ्या चौदावर त्यांचा विश्वास बसेल की नाही, ठाऊक नाही. कदाचित हाकलतीलही. हाकललं तरी त्या खिडकीला दुहेरी काच बसवून, सुभेदारांचे मोजे काढायला लावूनच महाबळेश्वर सोडीन.

येतोय सांगायला. उशीर झाला, तेवढा माफ करा.

तुमचा,
स्टँडवर रिकामा दिसलेला
संज्या