दोघांचा फोटो

रविवार, डिसेंबर. संध्याकाळी घरी आल्यावर.

छावणीतल्या ख्रिस्ती कबरस्तानात आजही जुन्या कबरींचे फोटो काढत फिरलो. माझ्या फोटोत मी माणूस येऊ देत नाही. कोपऱ्यातल्या कबरीपाशी एक म्हातारी बसली होती, ती काही उठेना, म्हणून चिडचिड झाली. मग तिनंच हाक मारली. "दादा, आमचा दोघांचा काढता का? हे होते तवर जोडीनं फोटो काढायचं राहूनच गेलं."

नवऱ्याची कबर. दगडावरची अक्षरं धुळीनं बुजलेली. मी धुवायला बाटली काढली तर म्हणाली, "पानी नको, गार लागंल त्यांना." पदरानंच पुसलं, तोंड पुसावं तसं. मग डोक्यावर पदर घेऊन दगडाला खेटून बसली. मी बटण दाबलं आणि नेमकी तेव्हाच ती त्याच्याकडे वळली.

आत्ता फोटो परत पाहिला. दगडावरचं अक्षर न् अक्षर वाचता येतं, पदराच्या टोकाची धूळसुद्धा दिसते, तिचा चेहरा मात्र पुसट. दुसरा काढायला हवा होता का? मी तिथंच तिला म्हणालो होतो तसं. तिनं माझा मोबाइल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "हे छान आले. मीच हलले."